तांबं-निकेलची वायर, थर्मोकपल आणि मीटरचे घोळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत टेम्परेचर कंट्रोलर आणि पॅनल दुरुस्तीचं काम करतो, आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात. कधी बुटीबोरीचा मेंटेनन्सवाला, कधी बारावीचं पोट्टं, कधी वजनकाटेवाला. म्हटलं एकदाच लिहून ठेवावं, पुढच्या वेळी हेच पाठवून द्यायचं. वरून खाली सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा.

कॉन्स्टंटन म्हणजे नेमकी कोणती वायर?

साधारण ५५ टक्के तांबं, ४५ टक्के निकेल आणि चवीपुरतं मँगनीज. दिसायला चांदीसारखी, जरा पिवळसर झाक असलेली. जुन्या लॅबमधले सर तिला युरेका वायर म्हणतात, कोणी ॲडव्हान्स म्हणतं, डेटाशीटवर सीयूएनआय ४४ लिहिलेलं असतं, माल जवळपास तोच. अर्धा एमएम जाडीची एक मीटर कॉन्स्टंटन घेतली तर अडीच ओहम येतो, तेवढीच तांब्याची घेतली तर ०.०९ ओहमच्या आसपास, म्हणजे २८-२९ पट फरक.

या वायरचे दोन गुण आहेत. एक, गरम झाली तरी तिचा रेझिस्टन्स जवळपास हलत नाही. दोन, तांबं किंवा लोखंड यांच्यासोबत जोडून एक टोक तापवलं की चांगला दणकट मिलिव्होल्ट देते; अशा जोडीलाच थर्मोकपल म्हणतात, तापमान मोजायचा सेन्सर तोच. गंमत अशी की पहिला गुण पाहिजे असतो तिथे दुसरा गुण नडतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका गोष्टीतूनच निघतात.

तांबं भारी कंडक्टर, निकेलही बऱ्यापैकी, मग दोन्ही मिसळल्यावर रेझिस्टन्स एवढा कसा वाढतो? आणि तापल्यावर बदलत काहून नाही?

नागपूरकराला हे समजावणं सोपं आहे. शुद्ध तांबं म्हणजे नवा कोरा सिमेंट रोड. गाडी सुसाट जाते, पण संध्याकाळी गर्दी झाली की लगेच स्पीड पडतो. तापमान वाढणं म्हणजे ही गर्दी, कारण अणू जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनच्या आडवे येतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो तो त्यामुळेच. आता तोच रोड पाइपलाइनसाठी, केबलसाठी, कशाकशासाठी जागोजागी खोदून ठेवला आहे असं समजा. तिथे गाडी रात्री दोनला पण वीसच्या स्पीडने जाते आणि संध्याकाळी सातला पण वीसनेच, कारण अडचण गर्दीची नाहीच, खड्ड्यांची आहे. तांब्याच्या जाळीत जागोजागी निकेलचे अणू घुसलेत ते म्हणजे हे खड्डे. दोन्ही धातूंची जाळी एकाच प्रकारची आणि अणूंचा आकारही जवळजवळ सारखा, म्हणून ते कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात, वेगळे थर पडत नाहीत, खड्डे सगळीकडे सारखे पसरतात.

बारकाईने पाहिलं तर एवढ्यावर भागत नाही, निकेलच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनचाही त्यात हात आहे आणि म्हणूनच ४५ टक्क्यांच्या आसपास बदल जवळपास शून्याला येतो, दहा टक्के निकेलला येत नाही. चांगल्या कॉन्स्टंटनचा बदल डिग्रीला ३० पीपीएमच्या (दहा लाखात ३० भाग) आत असतो, कधी प्लस कधी मायनस. तांब्याचा ३९०० पीपीएम.

हे काढलं कोणी?

एडवर्ड वेस्टन. जन्म इंग्लंडमधला, १८७० मध्ये अमेरिकेला गेला, तिथे मीटर बनवायचा कारखाना काढला. अडचण साधी होती, तांब्याची कॉइल असलेला मीटर सकाळी एक आकडा दाखवायचा आणि दुपारी दुसरा. १८८७ च्या सुमारास त्याने हा अलॉय काढला आणि जर्मन कारखानदारांनी त्याला कॉन्स्टंटन नाव दिलं, बदलत नाही म्हणून. मग १८९२ ला मँगॅनिन हा दुसरा अलॉय काढला, तो पुढे शंटच्या प्रश्नात येतो. वेस्टन सेल (कायम ठराविक व्होल्टेज देणारा सेल) पण याचाच, १.०१८३ व्होल्टवाला, १९११ पासून बरीच वर्षं जगभर व्होल्टचं माप त्यावरून ठरायचं.

थर्मोकपलमध्ये व्होल्टेज टोकावरच्या जोडात तयार होतो ना?

नाही. आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं.

१८२१ मध्ये सीबेकने दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक जोड तापवला तेव्हा जवळची होकायंत्राची सुई हलली. त्याला स्वतःला वाटलं हे चुंबकत्व आहे. खरं तर करंट वाहत होता. पण व्होल्टेज जोडाच्या ठिपक्यात बनत नाही, तो वायरच्या लांबीत बनतो, जिथे जिथे तापमान बदलतं तिथे तिथे. म्हणजे फर्नेसच्या आत वायर पूर्ण ९०० डिग्रीला असेल तर त्या भागात काही बनत नाही, जिथे ती भिंतीतून बाहेर येते आणि ९०० चे १०० होतात त्या वीतभर भागात सगळा खेळ होतो. जोडाचं काम फक्त दोन वायर इलेक्ट्रिकली एकत्र ठेवणं.

म्हणून जोड सोल्डर केला तरी चालतो (सोल्डर वितळणार नाही एवढं तापमान असेल तर), पिळला तरी चालतो, बोल्टखाली दाबला तरी चालतो, फक्त तो पूर्ण ठिपका एका तापमानाला पाहिजे. आणि म्हणूनच जुना, वर्षानुवर्षं भाजलेला सेन्सर दोन इंच बाहेर ओढला की रीडिंग बदलतं, कारण ज्या भागात तापमान उतरतं तिथे आता खराब झालेली वायर आली. लोक म्हणतात सेन्सर हलवल्यावर कंट्रोलर येडा झाला. कंट्रोलर बिचारा बरोबर आहे.

थर्मोकपलच्या जे, के, टी, ई या टाइपांतला फरक काय? माझ्याकडे कोणता घेऊ?

जे म्हणजे लोखंड आणि कॉन्स्टंटन. प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनवर जास्त करून हाच दिसतो. १०० डिग्रीला ५.२६९ मिलिव्होल्ट. साडेसातशेपर्यंत वापरतात, पण लोखंड ते लोखंडच, ओल लागली की आतल्या आत गंजतं आणि एक दिवस तुटतं. पावसाळा संपला की माझ्याकडे मेलेल्या जे टाइपची रांग लागते.

टी म्हणजे तांबं आणि कॉन्स्टंटन. १०० डिग्रीला ४.२७९ मिलिव्होल्ट. वर साडेतीनशेच्या पुढे नेऊ नका, तांबं काळं पडतं, पण खाली मायनस २०० पर्यंत मस्त चालतो. अचूकताही चांगली, पहिल्या क्लासच्या वायरला अर्ध्या डिग्रीची टॉलरन्स मिळते, के टाइपला तीच दीड डिग्री असते. संत्र्याचं कोल्ड स्टोरेज, फूड, लॅब, असल्या ठिकाणी मी हाच सांगतो. एकच खोड आहे, तांब्याची तार उष्णता पण झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे जाड वायरचा टी टाइप संत्र्यात जेमतेम एक सेंटिमीटर खुपसला तर तो संत्र्याचं कमी आणि बाहेरच्या हवेचं जास्त सांगतो. बारीक वायर घ्या आणि खोल घाला.

ई म्हणजे क्रोमेल (निकेल-क्रोमियमचा अलॉय) आणि कॉन्स्टंटन, १०० डिग्रीला ६.३१९ मिलिव्होल्ट, नेहमीच्या टाइपांत सगळ्यात तगडा सिग्नल. इकडे कमी दिसतो, आणि हे जरा अन्यायाचंच आहे.

के मध्ये कॉन्स्टंटन नाहीच, क्रोमेल आणि अल्युमेल (तोही निकेलचाच अलॉय). हजाराच्या पुढे जायचं असेल तर हा. पण गंमत म्हणजे के टाइपची जी स्वस्तातली कॉम्पेन्सेटिंग केबल (सेन्सरपासून पॅनलपर्यंत ओढायची) मिळते तिच्यातला एक प्रकार तांबं आणि कॉन्स्टंटनचाच असतो, कारण १०० डिग्रीपर्यंत त्या जोडीचे मिलिव्होल्ट के च्या जवळ जातात (४.०९६ विरुद्ध ४.२७९, आणि त्या केबलसाठी प्रमाण थोडं जुळवून घेतात). प्लॅटिनमवाल्या एस टाइपच्या केबलला पण तांबं आणि अगदी कमी निकेलवाला तांबं-निकेल अलॉय वापरतात. प्लॅटिनमची वायर पॅनलपर्यंत ओढायची म्हटलं तर मालक घर विकेल.

आणि एक, जे मधलं कॉन्स्टंटन आणि टी-ई मधलं कॉन्स्टंटन हे एकच नाही. नाव एक, मिलिव्होल्ट वेगळे. उरलेल्या टी टाइपची मायनस वायर जे मध्ये टाकून जुगाड करू नका.

सेन्सरपासून पॅनलपर्यंत साधी इलेक्ट्रिकची वायर टाकली तर काय होतं? करंट तर जातोच ना.

जातो. म्हणूनच तर कोणाला कळत नाही.

एक मोल्डिंगवाले भाऊ होते, माल सारखा जळून राहिला होता, काळे डाग, धूर. त्यांनी कंट्रोलर बदलला, बँड हीटर बदलले, दाण्याच्या पुरवठादाराशी भांडण केलं, शेवटी ऑपरेटरला काढून टाकलं. मी गेलो तेव्हा डिस्प्लेवर २०० होतं, अगदी स्थिर. बॅरलवरच्या भोकात माझा स्वतःचा सेन्सर घातला तर २३८. मग वायर पाहिली. जुनी केबल उंदरांनी कुरतडली होती म्हणून कोणीतरी घरच्या फिटिंगमधली फ्लेक्सिबल तांब्याची वायर टाकली होती, सेन्सरच्या डोक्यापासून (जिथे त्याची स्वतःची वायर संपते) थेट पॅनलपर्यंत.

आता हिशेब बघा. थर्मोकपल गरम टोक आणि जिथे त्याची वायर संपते ती जागा यांच्यातला फरक सांगतो. कंट्रोलर आपल्या टर्मिनलचं तापमान मोजून ते त्यात मिळवतो. पण वायर तर मशीनजवळच, ७५ डिग्रीवर संपली होती, पुढे तांबं-तांबं, त्यात काही बनत नाही. कंट्रोलरने मिळवले स्वतःच्या पॅनलचे ३५. मधले ४० डिग्री गायब. डिस्प्ले चाळीसेक कमी दाखवतो, कंट्रोलर मग इमानदारीने हीटर चालू ठेवतो आणि माल जळतो. केबल बदलली, काही शे रुपयांत काम झालं. ऑपरेटरला परत बोलावलं की नाही ते मी विचारलं नाही.

चूक किती येईल हे कोणालाही काढता येतं, सेन्सरच्या डोक्याचं तापमान वजा पॅनलचं तापमान, तेवढा घोळ. डोकं आणि पॅनल दोन्ही एकाच तापमानाला असतील तर साधी वायर टाकूनही रीडिंग बरोबर येतं, आणि म्हणून सकाळी मशीन थंड असताना तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

आमची केबल योग्य टाइपची आहे, तरी रीडिंग कमीच. काय असेल?

दोन्ही टोकांना उलटी लागली असेल. एका टोकाला उलटी लागली तर लगेच कळतं, तापवल्यावर आकडा खाली जातो. पण डोक्यावर उलटी आणि पॅनलवर पण उलटी लागली तर आकडा वरच चढतो, सगळं बरोबर वाटतं, आणि चूक मात्र साध्या वायरच्या दुप्पट. डोकं ७०, पॅनल ४०, तर फरक ३०, घोळ ६०.

हे होतं रंगांमुळे. अमेरिकन पद्धतीत लाल म्हणजे मायनस, कुठलाही टाइप असो. आपल्या डोक्यात लाल म्हणजे प्लस बसलेलं. आयईसी (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत मायनस पांढरा असतो, पण अमेरिकन जे टाइपमध्ये पांढरा हा प्लस आहे. वरून जुनी जर्मन मशीन असेल तर तिथे लाल प्लस आणि निळा मायनस, आणि अमेरिकन टी टाइपमध्ये निळा प्लस. बाजारातल्या एका बंडलवर एक पद्धत, दुसऱ्यावर दुसरी. रंगावर विश्वास ठेवूच नका राजेहो, लोहचुंबक खिशात ठेवा. जे मध्ये चुंबकाला चिकटते ती लोखंडाची, ती प्लस. टी मध्ये तांबूस ती प्लस. के मध्ये जी थोडीशी ओढली जाते ती अल्युमेल, ती मायनस. कॉन्स्टंटन कुठेही असली तरी चिकटत नाही आणि कायम मायनसच असते.

कंट्रोलर के वर सेट आहे आणि सेन्सर जे आहे, किती फरक पडेल?

भरपूर. पॅनल ३० डिग्रीला धरा. सेन्सर जे, खरं तापमान २००, कंट्रोलर के वर, तर डिस्प्ले २५७ च्या आसपास. उलटं असेल, म्हणजे सेन्सर के आणि सेटिंग जे, तर २०० ला १५८ वगैरे दाखवेल, आणि हे जास्त धोक्याचं, कारण मशीन मग ओव्हरहीट होते. नवीन कंट्रोलर डब्यातून काढला की बहुतेक वेळा के वर असतो. आधी मेनूत जाऊन बघा, मग मला फोन करा.

कंट्रोलर चांगला आहे की सेन्सर, घरच्या घरी कसं कळेल?

सेन्सरच्या वायरी काढा आणि कंट्रोलरच्या दोन इनपुट टर्मिनलमध्ये तांब्याचा छोटा तुकडा लावून शॉर्ट करा. आता डिस्प्लेने टर्मिनलजवळचं तापमान दाखवायला पाहिजे. पॅनलमध्ये हात घातल्यावर जेवढं गरम वाटतं तेवढं आलं तर कंट्रोलर ठीक. शून्य दाखवत असेल किंवा भलतंच काही, तर त्याचा कोल्ड जंक्शनचा (टर्मिनलचं तापमान मोजणारा) सेन्सर गेला किंवा कॉम्पेन्सेशन मेनूत बंद आहे.

मे महिन्यात बंद शेडमधल्या पॅनलच्या आत सहज ५५ होतं. कंट्रोलर ते मोजून भरपाई करतो, त्यात अडचण नाही, पण शेजारीच गरम ट्रान्सफॉर्मर किंवा एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले) बसवला असेल तर स्क्रूचं तापमान वेगळं आणि आतल्या सेन्सरचं वेगळं होतं, आणि तेवढे दोन-चार डिग्री चुकतातच. एसएसआर लांब लावा, पंखा लावा, पण पंख्याचा झोत टर्मिनलवर सोडू नका.

नागपुरात ५६ डिग्री झालं होतं ते खरं होतं का?

मे २०२४ च्या शेवटी एका ऑटोमॅटिक केंद्राने ५६ दाखवलं आणि सगळ्या देशात बोंब झाली. त्याच दिवशी आसपासची दुसरी केंद्रं ४४ दाखवत होती. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा माझ्याकडे पण फोन आले, जणू काही मीच तो लावला होता. आपल्याकडे ४७ च्या वर पारा गेलेला आहे, ४५ तर नेहमीचं, त्यात खोटं काही नाही. पण एका जागी १२ डिग्री जास्त दिसले तर आधी वायर, सावली आणि टर्मिनल बघायचं, मग उन्हाला शिव्या द्यायच्या.

सोलरच्या डीसी मीटरला शंट पाहिजे, कॉन्स्टंटनचा स्वस्तात मिळतो, चालेल का?

डीसीला नको. शंट म्हणजे करंट मोजायला वाटेत टाकलेला छोटा रेझिस्टर. इथेच कॉन्स्टंटनचा दुसरा गुण, मिलिव्होल्ट देण्याचा, नडतो.

५० अँपियर, ७५ मिलिव्होल्टचा शंट घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना तांब्याचे लग. छतावर एका बाजूला ऊन लागलं किंवा एक बोल्ट ढिला राहून तापला, दोन टोकांत १० डिग्रीचा फरक पडला. कॉन्स्टंटन आणि तांबं मिळून डिग्रीला ४० मायक्रोव्होल्ट देतात, म्हणजे शंट गुपचूप टी टाइप थर्मोकपल झाला आणि त्याने ०.४ मिलिव्होल्ट खोटे तयार केले. पूर्ण लोडवर अर्धा टक्का. पण ढगाळ दिवशी पाचच अँपियर वाहत असतील तर सिग्नल ७.५ मिलिव्होल्ट आणि चूक पाच टक्क्यांच्या वर. करंट पूर्ण बंद केला तरी मीटर काहीतरी दाखवत राहतो आणि लोक म्हणतात लीकेज आहे.

मँगॅनिनमध्ये ८४ ते ८६ टक्के तांबं, १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल. रेझिस्टन्स तोही बदलत नाही, पण तांब्यासोबत डिग्रीला एक-दोन मायक्रोव्होल्टच देतो. म्हणून चांगले शंट, एनर्जी मीटरमधले शंट, स्टँडर्ड रेझिस्टर, सगळे मँगॅनिनचे. मँगनीज म्हटलं की नागपूरकराने कॉलर ताठ करायला हरकत नाही, मँगनीज काढणाऱ्या मॉइल कंपनीचं हेड ऑफिस इथेच आणि खाणी आपल्या जिल्ह्यात, भंडाऱ्यात आणि बालाघाटला. एसीला मात्र कॉन्स्टंटन चालून जातो, हा खोटा व्होल्टेज डीसी असतो, एसी मोजताना तो बाजूला पडतो.

वजनकाट्याच्या लोडसेलमध्ये कॉन्स्टंटन कशाला?

कळमन्यातला काटा असो की कोळशाच्या ट्रकचा वेब्रिज, आत स्टीलचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेली कागदापेक्षा पातळ फॉइलची जाळी, तो स्ट्रेन गेज; दोन्ही मिळून लोडसेल. फॉइल बहुतेक कॉन्स्टंटनची. ठोकळा वजनाने किंचित ताणला जातो, फॉइल ताणली जाते, रेझिस्टन्स वाढतो. अमेरिकेत १९३८ मध्ये सिमन्स आणि रूज या दोघांनी वेगवेगळं काम करून हा प्रकार शोधला.

किती किंचित ते बघा. ३५० ओहमचा गेज, गेज फॅक्टर २ (ताणाच्या दुप्पट रेझिस्टन्स वाढतो), ठोकळा लाखात शंभर भाग ताणला, तर रेझिस्टन्स ०.२ टक्के वाढतो, म्हणजे ०.७ ओहम. पूर्ण वजनाला एवढंच. आता फॉइल तांब्याची असती तर? एक डिग्री तापमान वाढलं की ०.३९ टक्के. म्हणजे ट्रक न चढवता, नुसतं ऊन एका डिग्रीने चढलं तरी गेजला वाटलं असतं दोन ट्रक उभे आहेत. कॉन्स्टंटनमध्ये तोच बदल हजारात तीन शतांशही नाही, आणि फॉइलला अशी प्रक्रिया करतात की स्टील किंवा ॲल्युमिनियम जेवढं फुगतं तेवढ्याचा परिणाम पण बऱ्यापैकी पुसला जातो. उरलंसुरलं चार गेजच्या ब्रिजमध्ये एकमेकांना काटतं.

काटा दुपारी भरकटतो ही तक्रार मात्र शंभरदा ऐकली आहे. तिथे फॉइलचा दोष क्वचित. जंक्शन बॉक्समध्ये शिरलेलं पाणी, काळे पडलेले टर्मिनल आणि एका बाजूने उन्हात तापणारा लोडसेल. दहा व्होल्ट सप्लायला पूर्ण वजनाचा सिग्नल २० मिलिव्होल्ट, त्यात वीस-तीस मायक्रोव्होल्टचा थर्मल घोळ पण काट्यावर किलोत दिसतो. बॉक्सला सावली करा, झाकणाचं रबर बदला.

कॉन्स्टंटनची हीटर कॉइल बनवता येते का?

कमी तापमानाला येते. ४००-५०० च्या पुढे नेऊ नका, त्यासाठी नायक्रोम आहे. फ्लोअर हीटिंगची केबल, हीटिंग ब्लँकेट, ब्रेकरमधल्या ओव्हरलोडच्या पट्ट्या, इथे दोन, सहा, दहा, तेवीस टक्के निकेलवाले कमी रेझिस्टन्सचे भाऊबंद वापरतात.

पाच रुपयाचं जुनं जाड नाणं पण याच धातूचं आहे म्हणे?

घराणं तेच, प्रमाण वेगळं. ते कुप्रोनिकेल, ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल. एवढं तांबं असून तांबडं दिसत नाही, आणि निकेल असून चुंबकाला चिकटत नाही. म्हणून ते घासून-पुसून मीटरमध्ये लावू नका, हा प्रश्न खरंच एकाने विचारला होता.

बारावीच्या मीटर ब्रिजला हीच वायर का असते? व्हायव्हात विचारतात.

रेझिस्टन्स जास्त म्हणून एक मीटरमध्ये मोजण्याजोगा येतो, आणि प्रयोग करता करता वायर कोमट झाली तरी बदलत नाही. एवढं उत्तर बहुतेक सरांना पुरतं. पुढचं सांगायचं असेल तर सांगा की तांब्याच्या पट्टीशी जोड असल्यामुळे थर्मल व्होल्टेज येऊ शकतो, म्हणून बॅटरीची टोकं उलटी करून दुसरं रीडिंग घ्यायचं आणि सरासरी काढायची. की सारखी दाबून ठेवू नका, आणि जॉकी वायरवर घासत नेऊ नका, वायर झिजली की जाडी सारखी राहत नाही आणि मग सगळा प्रयोगच वाकडा.

भंगारात मिळालेली वायर कॉन्स्टंटनच आहे हे कसं ओळखू?

आधी चुंबक, चिकटली तर नाही. मग मीटरभर वायरचा रेझिस्टन्स आणि जाडी मोजा, अर्धा एमएमला अडीच ओहम आला तर कॉन्स्टंटन किंवा मँगॅनिन, साडेपाचच्या आसपास आला तर नायक्रोम. आता तिचं टोक तांब्याच्या तारेशी पिळा, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, जोडाला लायटर लावा. दहा-पंधरा मिलिव्होल्ट पटकन चढले आणि तांबं प्लस निघालं, तर कॉन्स्टंटन. जवळपास काहीच हललं नाही तर मँगॅनिन, आणि मग तर तुमचं नशीब, मला विका.

या दोन तारांचा थर्मोकपल घरी करून बघायचा आहे.

करा. कॉन्स्टंटनचा एक तुकडा, त्याच्या दोन्ही टोकांना तांब्याची तार पिळा, तांब्याची उरलेली टोकं मल्टिमीटरला. एक जोड थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या लगद्यात, नुसते बर्फाचे खडे नकोत. दुसरा उकळत्या पाण्यात, भांड्याच्या बुडाला टेकवू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, म्हणून पाणी इथे ९९ ला उकळतं, मीटरवर ४.२ च्या आसपास यायला पाहिजे. साध्या मल्टिमीटरचा शेवटचा आकडा ०.१ मिलिव्होल्टचा, म्हणजे अडीच डिग्रीचा, त्यापेक्षा बारीक अपेक्षा ठेवू नका. ३.८ वगैरे येत असेल तर जोड पाण्याच्या वाफेत आहे, पाण्यात नाही, किंवा बर्फ वितळून थर्मासमध्ये नुसतं गार पाणी उरलं आहे. नवीन बर्फ टाका.